हिमालयातील उष्णोदके आणि अमचींचे वैद्यक

बदरीनाथाच्या यात्रेस जाऊन आलेल्या मराठी यात्रेकरूंच्या बोलण्यात एक आठवण हमखास निघते. एका बाजूस अलकनंदेचे पाणी इतके गार की त्यात हात बुडविला तर बोटे बधिर व्हावीत. आणि तिच्याच काठी, मंदिराच्या पायथ्याशी, तप्तकुंडातून वाफा निघत असतात. या कुंडात स्नान करून मगच दर्शनास जावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी ज्या वाटेवर धर्मशाळा बांधविल्या, त्या वाटेने मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालत गेली. चालून आखडलेले पाय कुंडातील पाण्याने मोकळे झाले, आणि ती देवाची कृपा मानून माणसे घरी परतली.

अशा झऱ्यांची ओळख मराठी माणसास घरच्या घरीही आहे. कोकणात त्यांना ‘उन्हाळे’ असे नाव आहे. राजापूर, उन्हवरे, वज्रेश्वरी येथील उन्हाळ्यांवर सांधे धरलेले आणि कातडीच्या विकारांनी त्रासलेले लोक आजही जातात. मात्र पाण्यात किती वेळ बसावे, किती दिवस बसावे, कोणी मुळीच बसू नये, याचा विचार तेथे ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

बदरीनाथाच्या उत्तरेस माणा खिंड ओलांडली की मात्र या पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. तिबेटात, लडाखमध्ये, भूतानात उष्णोदक हे तीर्थ तर आहेच. पण त्याहून अधिक ते औषध आहे. औषध म्हटले की त्याला मात्रा आली, पथ्य आले, अनुपान आले आणि निषेधही आला. वैद्याने नाडी पाहावी आणि मग रोग्यास अमुक झऱ्यावर, अमुक ऋतूत, अमुक दिवस जाण्यास सांगावे, अशी ही पद्धत आहे. हिमालयाच्या वैद्यकाचा हा विशेष समजून घेण्याजोगा आहे. कारण झऱ्याचे पाणी निसर्ग देतो, परंतु त्याचे औषध माणसाच्या शिस्तीने होते.

प्रथम हे पाणी येते कोठून ते पाहू. हिमालयात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही. तरीही भारतीय भूखंड आशियाच्या भूखंडास जेथे भिडला, त्या सांध्याच्या आसपास आणि पर्वताच्या पोटातील मोठ्या भेगांवर उष्णोदके ठिकठिकाणी आढळतात. पावसाचे व बर्फाचे पाणी भेगांतून खोल उतरते. खाली जावे तसा खडक तापत जातो. त्या उष्णतेने तापलेले पाणी वाटेत खडकांतील क्षार विरघळवीत पुन्हा वर येते. कुलू प्रदेशातील मणिकर्ण, मनालीजवळचे वसिष्ठ, यमुनोत्रीचे सूर्यकुंड, सिक्कीममधील युमथांग, नेपाळात काली गंडकीच्या खोऱ्यातील तातोपानी, लडाखमधील पनामिक, चुमाथांग आणि पूगा ही त्यांतील प्रसिद्ध स्थळे होत. सूर्यकुंडात यात्रेकरू तांदळाची पुरचुंडी सोडून भात शिजवितात. मणिकर्णला लंगरचे अन्नही झऱ्याच्या उष्णतेवर शिजते. पूगाचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील काही झऱ्यांचे उष्णतामान ८४ अंश सेल्सिअस इतके आहे, आणि त्या उंचीवर पाणी जवळजवळ तेवढ्याच उष्णतेस उकळते. पूगाच्या जमिनीवर गंधक आणि टाकणखार यांचे थर साचलेले दिसतात. आपल्याकडील सोनारांच्या भट्टीत आणि वैद्यांच्या खलात जो टाकणखार शतकानुशतके येत असे, तो मुख्यत्वे लडाख-तिबेटच्या अशाच प्रदेशांतून मेंढ्यांच्या पाठीवर लादून खाली येई.

आता या पाण्याचे शास्त्र कसे घडले ते पाहावयाचे. माणा खिंडीपलीकडे पश्चिम तिबेटात गुगे नावाचे राज्य होते. दहाव्या शतकाच्या अखेरीस तेथे थोलिंगचा विहार उभा राहिला. याच राज्यात रिन्चेन झांगपो (९५८ ते १०५५) हा थोर भाषांतरकार होऊन गेला. काश्मिरात विद्या संपादून परतलेल्या या भिक्षूने बौद्ध ग्रंथांबरोबर एक वैद्यकग्रंथही तिबेटी भाषेत आणला. तो ग्रंथ म्हणजे वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’. काश्मिरी पंडित जनार्दन याच्या साहाय्याने हे भाषांतर सिद्ध झाले. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, ज्याला महाराष्ट्र हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्याने याच ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. गोदावरीच्या खोऱ्यातला टीकाकार आणि सतलजच्या उगमाकडला भाषांतरकार एकाच पोथीपाशी बसलेले होते, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वाग्भटाने स्वेदाचे, म्हणजे शरीरास ऊब देऊन घाम काढण्याच्या उपचाराचे, चार प्रकार सांगितले आहेत: ताप, उपनाह, ऊष्म आणि द्रव. उपनाह म्हणजे औषधांचे पोटीस बांधणे, आणि द्रव म्हणजे ऊन औषधी पाण्याची धार धरणे किंवा त्यात बसणे. त्याच्याही पूर्वी चरकाने अग्नीच्या साहाय्याने द्यावयाचे तेरा स्वेद वर्णिले. त्यांत अवगाह, म्हणजे पाण्यात बुडून बसणे, हा एक आहे.

बाराव्या शतकात युथोक योन्तेन गोन्पो (११२६ ते १२०२) या वैद्याच्या हातून तिबेटी वैद्यकाचा मुख्य ग्रंथ आजच्या रूपास आला. त्याचे नाव ‘ग्युशी’, म्हणजे चार तंत्रे. परंपरा त्या ग्रंथाचे कर्तृत्व भैषज्यगुरू बुद्धाकडे देते. त्याचे १५६ अध्याय आहेत. वायू, पित्त आणि कफ हे तीन दोष त्यात आहेत. नाडीपरीक्षेसारखे चीनकडून आलेले ज्ञान आहे. आणि हिमालयाच्या थंड, रुक्ष प्रदेशात राहणाऱ्या माणसांचा अनुभवही आहे. या विद्येस ‘सोवा-रिग्पा’, म्हणजे आरोग्य देणारी विद्या, असे म्हणतात. आणि तिच्या वैद्यास लडाखमध्ये ‘अमची’ म्हणतात.

ग्युशीच्या शेवटच्या तंत्रात बाह्योपचार सांगितले आहेत. शेक, लेप, रक्तमोक्ष, डाग यांच्या पंक्तीत ‘लुम’ हा उपचार येतो. लुम म्हणजे औषधी स्नान. त्याचे दोन मुख्य भेद आहेत: पाण्यात बसण्याचा आणि ऊन औषधांची पुरचुंडी किंवा पोटीस बांधण्याचा. वाग्भटाच्या द्रव आणि उपनाह या स्वेदांची येथे सहज आठवण व्हावी. पाण्यात बसण्यासाठी नैसर्गिक झरा मिळाला तर तो श्रेष्ठ. परंतु सर्व झरे सारखे नाहीत. गंधक, चुनखडी, दगडी कोळसा, शिलाजित आणि मनशीळ यांपैकी कोणत्या द्रव्यांचा अंश पाण्यात आहे, यावरून झऱ्यांचे प्रकार मानले आहेत. वास, चव, काठावर जमलेल्या थरांचा रंग यांवरून ते ओळखावयाचे. रसायनशाळा नसलेल्या काळात पाण्याचे असे वर्गीकरण करणाऱ्यांची निरीक्षणशक्ती सामान्य म्हणता येणार नाही.

या स्नानाने कोणाला गुण यावा? ज्यांचे हातपाय आखडले आहेत, सांधे ताठरले आहेत, ज्यांच्या जुन्या जखमा चिघळत राहतात, ज्यांना जुनाट त्वचारोग आहे, ज्यांचा वायू बिघडला आहे, अशांसाठी ते सांगितले आहे. बर्फाळ प्रदेशात वर्षातील बरेच महिने ओले पाय आणि थंड वारा सोसणाऱ्या गुराख्यास, पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालास, वाकून जवाची कापणी करणाऱ्या स्त्रीस हेच विकार अधिक होतात. अशा माणसांना महागडी औषधे कोठून मिळणार? डोंगराच्या पोटातून फुकट वाहणारे ऊन पाणी हेच त्यांचे रुग्णालय झाले.

पण याच ग्रंथाने कोणास पाण्यात उतरू देऊ नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. साथीचा ताप असलेला, अंगावर सूज असलेला, अन्नावरची वासना उडालेला, शक्ती क्षीण झालेला रोगी लुमास वर्ज्य आहे. चरकानेही वृषण, हृदय आणि नेत्र यांना स्वेद देऊ नये, दिलाच तर अगदी मृदू द्यावा, असे बजावले आहे. आणि वाग्भटाने गर्भिणीस व अतिदुर्बलास स्वेद निषिद्ध मानला आहे. हिमालयाच्या दोन्ही उतारांवर ही सावधगिरी सारखीच आढळते. ऊन पाणी सर्वांस हितकर, ही समजूत लोकांची आहे. वैद्यांची कधीच नव्हती.

उपचाराचा क्रमही ठरलेला असतो. साधारणतः सात दिवसांच्या हिशेबाने, सात किंवा एकवीस दिवस, हे स्नान चालते. पहिल्या दिवशी एकदम कढत पाण्यात शिरावयाचे नाही. आरंभी कोमट पाणी आणि थोडा वेळ; मग हळूहळू उष्णता आणि वेळ वाढवावयाची; शेवटी पुन्हा उतरती घ्यावयाची. पाण्याबाहेर आल्यावर रोग्यास लोकरीच्या कांबळ्यात गुंडाळून घाम येऊ द्यावयाचा. गार पाणी प्यावयाचे नाही, वाऱ्यात बसावयाचे नाही. स्नानाने वायू वाढू नये म्हणून स्निग्ध, पौष्टिक अन्न आणि तेला-तुपाचे मर्दन सांगितले आहे. भूतानात गासा, दुर अशा ठिकाणच्या झऱ्यांवर लोक हिवाळ्यात शिधासामग्री घेऊन जातात आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम करतात. एकाच ठिकाणी निरनिराळ्या उष्णतेची कुंडे असतात, आणि कोणते कुंड कोणत्या व्याधीवर हे तेथे ठरलेले असते. लडाखचे पनामिक हे यारकंदकडे जाणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या जुन्या वाटेवर आहे. उंच खिंडींच्या तोंडाशी असलेले हे ऊन पाणी थकलेल्या वाटसरूंना किती मोलाचे वाटत असेल, याची कल्पना करता येते.

ज्या गावाजवळ झरा नाही तेथील रोग्यांचे काय? त्यांच्यासाठी अमचींनी कृत्रिम उष्णोदक सिद्ध केले. त्यास ‘पंचामृत-स्नान’ असे नाव आहे. पण हे पंचामृत दूध-दह्याचे नव्हे. जूनिपर, बुटका रोडोडेंड्रॉन, एफेड्रा, मिरिकारिया आणि आपल्या दवण्याच्या कुळातील एक वनस्पती अशा पाच पहाडी वनस्पती उकळून ते पाणी टाकीत भरावयाचे. भूतानात आणखी एक रीत आहे. नदीकाठचे गोटे विस्तवात लाल होईपर्यंत तापवून ते लाकडी नांदीच्या एका कप्प्यात सोडतात आणि दुसऱ्या कप्प्यात रोगी बसतो. पाण्यात दवण्याच्या जातीची पानेही टाकतात. या स्नानास ‘दोत्शो’ म्हणतात. निसर्गाने दिलेली वस्तू समजून घेऊन तिची प्रतिकृती घरी करणे, हे शास्त्राचे लक्षण आहे. जेथे निव्वळ श्रद्धा असते तेथे अशी प्रतिकृती होत नाही. तेथे मूळ स्थळच गाठावे लागते.

ऋतूचा विचारही येथे आहे. वसंत आणि शरद हे लुमासाठी उत्तम मानले आहेत. तिबेटात शरदाच्या आरंभी एक विशिष्ट तारा दिसू लागला म्हणजे सात दिवस लोक नदीकाठी स्नानाचा उत्सव करतात. त्या दिवसांत सर्व पाणी अमृत होते अशी समजूत आहे. भूतानातही पावसाळ्याच्या अखेरीस ‘थ्रुए बाब’ नावाचा पुण्यस्नानाचा दिवस पाळतात. वाग्भटाच्या ऋतुचर्येत शरदातील पाणी सूर्याने तापलेले, चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले म्हणून वर्णिले असून त्याला ‘हंसोदक’ असे सुंदर नाव दिले आहे. पावसाचा गाळ खाली बसून पाणी नितळ होण्याचा हा काळ. त्यावर डोळा ठेवणारी माणसे पर्वताच्या दोन्ही बाजूंना होती.

श्रद्धेची बाजू वेगळी काढून ठेवता येत नाही, आणि तशी गरजही नाही. मणिकर्णचा झरा पार्वतीच्या कर्णभूषणाशी जोडलेला आहे, आणि शीख परंपरा त्याच जागी गुरू नानकांचे स्मरण करते. तिबेट-भूतानातील अनेक झरे गुरू पद्मसंभवाच्या प्रसादाने निघाले असे लोक सांगतात. या कथांनी पाण्यास पावित्र्य दिले, आणि पावित्र्याने शिस्त दिली: झरा मलिन करू नये, तो कोणा एकाचा नाही, येणाऱ्या रोग्यास अडवू नये. वैद्याचा नियम रोग्याच्या शरीराचे रक्षण करी. श्रद्धेचा नियम झऱ्याचे.

या विद्येवर काळाचे आघातही झाले. देसी सांग्ये ग्यात्सो या राज्यकर्त्याने १६९६ साली ल्हासाच्या चाग्पोरी टेकडीवर वैद्यक विद्यालय स्थापिले. त्यानेच ग्युशीवर ‘नीलवैडूर्य’ ही टीका लिहिली आणि तिच्यावर आधारलेली ७९ चित्रपटांची मालिका करवून घेतली. अक्षरशत्रू माणसासही समजावे असे हे सचित्र वैद्यक होते. १९१६ साली तेराव्या दलाई लामांच्या काळात ‘मेन-त्सी-खांग’ ही वैद्यक व ज्योतिष यांची संस्था निघाली. १९५९ च्या रणधुमाळीत चाग्पोरीचे विद्यालय जमीनदोस्त झाले. निर्वासित होऊन आलेल्या वैद्यांनी १९६१ साली धर्मशाळा येथे मेन-त्सी-खांग पुन्हा उभी केली. भारत सरकारने २०१० साली कायद्यात दुरुस्ती करून सोवा-रिग्पास मान्यता दिली, आणि चीनमधील तिबेटी लोकांत प्रचलित असलेल्या लुम स्नानाचा समावेश २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

आधुनिक वैद्यक या उपचाराकडे कसे पाहते? उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैलावतात, पाण्याच्या उद्धरणशक्तीने सांध्यांवरचा भार हलका होतो, आणि त्यामुळे सांधेदुखीस उतार पडतो, एवढे डॉक्टरही मान्य करतात. गंधकाचा उपयोग त्वचारोगांत होतो, हेही जुनेच ज्ञान आहे. पण ऊन पाण्याने प्रत्येक रोग मुळापासून जातो, असे मात्र म्हणता येत नाही. आणि हृदयविकाराच्या रोग्यास फार कढत पाण्यात बसणे धोक्याचे आहे. ग्युशीने दुर्बळ रोग्यास पाण्याबाहेर ठेवले, त्यामागचे शहाणपण येथे पटते.

विद्या राहिली, तरी झरे राहतील काय, हा प्रश्न आता उभा आहे. मे २००९ मध्ये भूतानातील गासाचा झरा पुरात वाहून गेला. तो लोकांनी पुन्हा बांधून काढला. जून २०१३ च्या प्रलयात केदारनाथच्या वाटेवरील गौरीकुंडाचे तप्तकुंड नष्ट झाले. सतलजच्या काठचे तत्तापानी हे स्थान कोलधरणाच्या जलाशयात बुडाले. २०१५ मध्ये त्या धरणावरील वीजकेंद्र सुरू झाले. पूगाच्या भूगर्भातील उष्णतेपासून वीज निर्माण करण्यासाठी २०२१ साली करार झाला. विजेची गरज लडाखच्या कडक हिवाळ्यात राहणाऱ्या माणसासही आहे, हे नाकारून चालणार नाही. परंतु भूगर्भातील वाटा अदृश्य असतात. एका ठिकाणी छिद्र पाडले तर दुसरीकडचा झरा आटणार नाही, याची काळजी आधी घ्यावी लागते. आटलेल्या झऱ्यास कोणताही करार परत आणू शकत नाही.

दुसरा धोका अधिक सौम्य दिसतो, पण तोही लहान नाही. झऱ्याच्या काठी उपाहारगृहे उभी राहतात, पाणी नळाने खोल्यांत नेले जाते, आणि प्रवासी घटकाभर मौजेने डुंबून निघून जातो. मौज करण्यास हरकत नाही. पण एकवीस दिवसांचे पथ्य सांगणारा अमची त्या काठावरून दिसेनासा झाला, तर झरा राहूनही औषध नाहीसे होईल. मग आखडलेल्या गुडघ्याचा म्हातारा गुराखी त्या पाण्यापाशी येईल, आणि त्यात किती वेळ बसावे हे त्याला सांगणारे कोणी नसेल.

वाग्भटाची पोथी माणा खिंडीपलीकडे पोहोचल्याला आता हजार वर्षे होत आली. ती ज्यांनी नेली त्यांनी तिच्यातील श्लोक नेलेच. पण त्याबरोबर ऊन पाण्याचाही विचार करावा लागतो, ही सवय नेली. पर्वताने दिलेल्या पाण्यापेक्षा ही सवय टिकविणे कठीण आहे, आणि म्हणूनच ती अधिक जपावयास हवी.